वाढत्या मुलाचा कृत्रिम पाय

सात वर्षांच्या मुलाचा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला, तर त्या शस्त्रक्रियेत पायाबरोबर आणखी एक गोष्ट जाते आणि ती त्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही. मांडीच्या हाडाची वाढ मुख्यतः त्याच्या खालच्या टोकाला, गुडघ्यालगतच्या वाढीच्या चकतीत होते. हाडाच्या एकूण वाढीपैकी सुमारे ७० टक्के वाढ या एका चकतीतून येते, वर्षाला साधारण नऊ ते दहा मिलिमीटर. मुलग्यांत ही वाढ सोळाव्या वर्षाच्या आसपास थांबते. म्हणजे सातव्या वर्षी ही चकती गेली, तर पुढच्या नऊ वर्षांत आठ-नऊ सेंटीमीटर लांबी त्या मांडीला कधी मिळतच नाही. धडधाकट पाय वाढत राहतो, कापलेली मांडी मात्र फारच थोडी वाढते. शस्त्रक्रियेच्या दिवशी पुरेसा लांब वाटलेला स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला भाग, तारुण्यात आखूड ठरतो. स्टंप जेवढा आखूड, तेवढी कृत्रिम पाय उचलायला मिळणारी तरफ कमी, आणि चालण्याचे कष्ट जास्त.

हे शरीरशास्त्र एकदा समजलं की बाकीचं सगळं विवेचन त्यातून निघतं. मोठ्या माणसाला बसवलेला कृत्रिम पाय नीट वापरला तर तीन ते पाच वर्षं चालतो. वाढत्या मुलाला तो वर्ष-दीड वर्षात तोकडा पडतो, घट्ट होतो, टोचू लागतो. सहाव्या वर्षी पाय गमावलेल्या मुलीला अठराव्या वर्षापर्यंत, सव्वा वर्षाला एक सॉकेट (कृत्रिम पायाचा स्टंपवर बसणारा भाग) असा हिशोब धरला, तर नऊ-दहा सॉकेट लागतात. हे बारा वर्षं चालणारं काम आहे. आपल्याकडे मदत मात्र बहुतेक वेळा एका दिवसाच्या शिबिराच्या रूपात येते. मंडप पडतो, मापं घेतली जातात, पाय बसवले जातात, छायाचित्रं निघतात. त्या दिवशी झालेलं काम खरं असतं आणि ते करणाऱ्यांची कळकळही खरी असते. पण पुढच्या जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा तोच पाय मुलाला होत नाही, आणि तो कोणाकडे न्यायचा हे घरात कोणाला ठाऊक नसतं. माझं म्हणणं या पुढच्या जूनविषयी आहे.

सैनिकाला मिळालेली हमी

कृत्रिम अवयवांचं आधुनिक शास्त्र युद्धांनी पुढे नेलं, आणि त्याचा महाराष्ट्रातला इतिहासही युद्धाचाच आहे. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन परतलेल्या सैनिकांना हातात नवी कला देण्यासाठी १९१७ साली मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. ती पुढे खडकीला आली. दुसरं महायुद्ध चालू असताना १९४४ साली पुण्यात सैन्यदलाचं कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. या दोन संस्थांमागे एक साधं तत्त्व होतं: ज्याने सरकारच्या आज्ञेने लढताना अवयव गमावला, त्याच्या उरलेल्या आयुष्याची जबाबदारी सरकारची. पाय झिजला तर नवा मिळेल, मोडला तर दुरुस्त होईल, आणि त्यासाठी कुणाच्या दयेची वाट पाहावी लागणार नाही.

हा लेख ज्या रत्नागिरी जिल्ह्याविषयी आहे, त्यालाही लष्कर नवं नाही. दापोलीच्या छावणीच्या परिसरात निवृत्त सैनिकांची वस्ती होती. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, निवृत्तीनंतर काही काळ दापोलीलाच राहिले. किनाऱ्यावरच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या तरुण नौदलात आणि जहाजांवर गेले. पेन्शन म्हणजे काय, हक्क म्हणजे काय, दरवर्षी हजर राहून कागदावर अंगठा किंवा सही का करायची, हे इथल्या घरांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

पण सैनिक प्रौढ असतो. त्याचं हाड वाढत नाही. त्यामुळे युद्धातून जन्मलेल्या या शास्त्राने आणि या संस्थांनी आपलं वेळापत्रक प्रौढ शरीरावर बेतलं. युद्धाचं रूप बदलल्यावर हा अपुरेपणा उघडा पडला. सुरुंग सैनिकासाठी पेरला जातो आणि युद्ध संपल्यावर वर्षानुवर्षं गुराख्याच्या, लाकडं गोळा करणाऱ्या मुलीच्या पायाखाली फुटतो. मुलाचं शरीर जमिनीजवळ असतं, म्हणून स्फोट त्याच्या मांड्या, पोट, चेहरा यांच्यापर्यंत पोहोचतो. आणि मुलं चमकणारी अनोळखी वस्तू उचलून पाहतात, म्हणून हात आणि डोळेही जातात. सुरुंगबंदीचा ओटावा करार १९९७ साली झाला. भारताने त्यावर अद्याप सही केलेली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अँटोनिओ गुटेरेस यांनी सांगितलं की लोकसंख्येच्या प्रमाणात अवयव गमावलेल्या मुलांची संख्या जगात सर्वाधिक गाझामध्ये आहे. त्या मुलांतली जी तेव्हा पाच वर्षांची होती, त्यांचा शेवटचा वाढीचा सॉकेट २०३६-३७ च्या सुमारास बनेल. तोवर वर्तमानपत्रांना गाझाची आठवण किती राहील, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो, कारण मदतीचं वेळापत्रक बातमीच्या आयुष्याइतकंच असतं.

रत्नागिरीतलं मूल

रत्नागिरीत युद्ध नाही. तरी कोकणातल्या मुलांचे हातपाय जातात, आणि कारणं ओळखीचीच आहेत. मुंबई-गोवा महामार्गावरचे अपघात आणि रेल्वे ही दोन मोठी. लोंबकळणाऱ्या किंवा उच्च दाबाच्या विजेच्या तारेचा धक्का हे तिसरं. त्यात बहुधा हात जातो, कधी दोन्ही. रानडुकरासाठी ठेवलेले गावठी बॉम्ब हे या भागातलं असं कारण आहे, जे सुरुंगाच्या सर्वांत जवळ जातं: दारूगोळा जमिनीवर, आणि तो उचलणारं मूल अजाण. हाडाच्या कर्करोगात मुंबईच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी आता पुष्कळदा पाय वाचवता येतो, पण उशिरा पोहोचलेल्या मुलाचा नाही. काही मुलं हात किंवा पाय अपुरा घेऊनच जन्मतात.

याशिवाय टाळता येण्याजोगी दोन कारणं आहेत, आणि त्यांच्याविषयी बोलताना मला राग येतो, कारण त्यात मूल वाचवता आलं असतं. फुरसं चावल्यावर हातापायाला दोरी करकचून आवळतात. विष चढू नये हा हेतू. पण रक्तपुरवठाच थांबला की खालचा भाग सडायला लागतो, आणि प्रतिविष मिळून जीव वाचला तरी अवयव जाऊ शकतो. दुसरं, हाड मोडल्यावर कामट्या लावून घट्ट बांधणं. मूल रडतं, बोटं थंड आणि निळसर पडतात, आणि मोठी माणसं म्हणतात, दुखणारच. बांधल्यानंतर बोटं थंड पडली, बधिर झाली किंवा हलवताना असह्य दुखलं, तर पट्टी त्याच क्षणी सैल करून दवाखाना गाठायचा. एवढी एक सूचना प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर असली, तरी काही पाय वाचतील.

कारण कोणतंही असो, जखम भरल्यावर मुलापुढचा प्रश्न गाझात आणि गुहागरात एकच असतो. फरक आहे तो कार्यशाळा किती दूर, एवढाच.

हाड आणि सॉकेट

मुलाच्या शरीराचा आणखी एक नियम शल्यविशारदांना माहीत असतो, पण पालकांना क्वचितच सांगितला जातो. हाड मध्येच कापलं, तर वाढत्या मुलात त्या कापलेल्या टोकावर नवं हाड जमत जातं आणि ते सुळक्यासारखं पुढे येतं. दंडाचं हाड आणि पोटरीची दोन हाडं यांत हे अधिक घडतं. त्वचा ताणते, लाल होते, कधी फाटते. घरच्यांना वाटतं नवा पाय चुकीचा बसवला. मूल पाय घालायलाच नकार देतं. खरं तर त्याला पुन्हा छोट्या शस्त्रक्रियेची गरज असते. म्हणूनच शक्य असेल तिथे मुलांत हाड मधून कापण्याऐवजी सांध्यातून वेगळं करणं श्रेयस्कर मानतात: गुडघ्यातून पाय काढला तर मांडीच्या हाडाची खालची चकती वाचते, हाड वाढत राहतं आणि सुळकाही येत नाही. प्रौढाच्या बाबतीत गौण वाटणारा हा निर्णय मुलाच्या पुढच्या साठ वर्षांचा असतो. अपघाताच्या रात्री तो घेणाऱ्या डॉक्टरला हे आठवायला हवं, आणि आठवावं यासाठी ते जिल्हा पातळीवरच्या प्रशिक्षणात असायला हवं.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे घरचे वाया घालवतात, तेही प्रेमापोटी. दुखऱ्या पायाखाली उशी देतात. आठवड्यांमागून आठवडे उशीवर ठेवलेला गुडघा किंवा खुबा वाकलेल्या स्थितीतच आखडतो, आणि आखडलेल्या सांध्यावर कृत्रिम पाय सरळ उभा राहत नाही. मुलाला दिवसातून काही वेळा पालथं झोपवणं, क्रेप बँडेज इंग्रजी आठच्या आकड्यासारखं टोकाकडे घट्ट आणि वर सैल होत जाईल असं बांधणं, सांधे हलवत राहणं ही कामं आई-आजीच करू शकतात. त्यांना कोणी दाखवून द्यायला हवं.

मग येतो सॉकेट. कृत्रिम पायातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच, आणि बाहेरून सर्वांत कमी दिसणाराही. पाऊल, गुडघा, नळी हे भाग तयार मिळतात. सॉकेट मात्र त्या एका मुलाच्या स्टंपवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा घेऊन, त्यात भार कुठे पडावा आणि कुठे पडू नये याची दुरुस्ती करूनच बनतो. मुलांसाठी त्यात एक युक्ती वापरतात: आत कांद्यासारखे पापुद्रे ठेवतात, आणि मूल वाढेल तसा एकेक पापुद्रा काढतात. नळी बदलता येण्याजोगी असेल तर उंची सेंटीमीटरभर वाढवता येते. उंचीतला फरक तसाच राहिला की कंबर एका बाजूला कलते आणि मागोमाग पाठीचा कणाही. म्हणजे दोन सॉकेटांमधलं वर्षही रिकामं नसतं. त्यात दोन-तीन तपासण्या लागतात. दहा मिनिटांचं काम असतं, पण ते जाणत्या माणसाने करायला हवं.

लहान वयात सुरुवात केली तर मुलं हे सगळं आश्चर्यकारक सहजतेने स्वीकारतात. जन्मतः पाय नसलेल्या बाळाला ते धरून उभं राहू लागतं त्या वयात, म्हणजे वर्षाच्या आसपास, पहिला पाय देतात. त्याच्या दृष्टीने तो पायच असतो. किशोरवयात पाय गमावलेल्याचं तसं नसतं. मुंबईत वाढलेल्या नर्तिका सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ साली अपघातानंतर वयाच्या सोळाव्या वर्षी गेला. जयपूर फूट लावून त्या पुन्हा रंगमंचावर आल्या आणि पुढे त्यांच्या आयुष्यावरच्या चित्रपटात स्वतःच उभ्या राहिल्या. त्यांचं उदाहरण सगळे देतात. रंगमंचावरच्या त्या नाचामागचा वेदनेचा सराव मात्र उदाहरण देताना वगळला जातो, आणि तो वगळला की पंधरा वर्षांच्या मुलावर भलतंच ओझं पडतं: तू का नाही चालत?

हातांचा विचार वेगळा करायला हवा. कोपराखालून एक हात नसलेलं मूल बहुतेक कामं उरलेल्या हाताने आणि स्टंपने शिकून घेतं. स्टंपच्या त्वचेला स्पर्श कळतो, कृत्रिम हाताला कळत नाही. म्हणून पुष्कळ मुलं दिलेला हात खुंटीला टांगून ठेवतात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. रोटरी क्लबांच्या शिबिरांतून मोफत मिळणारा एलएन-४ हात कोपराखाली पुरेसा भाग उरलेल्यांना कामाला येतो, सायकलची मूठ किंवा पेन धरायला. मुलाला काय करायचं आहे ते विचारून मग हात द्यावा. लग्नाच्या वयात शोभेचा हात मागितला तर तोही द्यावा. ती गरजही खरीच आहे.

कातळ, चिखल आणि पंगत

पाश्चात्त्य पद्धतीचं कृत्रिम पाऊल बुटासाठी बनलेलं असतं. बूट काढला की उंची बिघडते. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस जे पाऊल बनवलं, ते या अडचणीचं उत्तर होतं. रबर आणि लाकूड, बाहेरून पायासारखंच आवरण. अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, पाण्यात जाता येतं. १९७५ साली डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने ते मोफत देण्याची व्यवस्था उभी केली आणि तिची शिबिरं युद्धाने होरपळलेल्या अफगाणिस्तानासह अनेक देशांत झाली. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

कोकणाला हे पाऊल शोभतं. इथे घरात चप्पल चालत नाही, देवळात चालत नाही, शिमग्यात पालखी नाचवताना तर नाहीच. पंगतीला मांडी घालावी लागते, आणि गुडघ्यावरून पाय गेलेल्या मुलाच्या पायात गुडघ्याच्या वर फिरता सांधा बसवला नसेल तर त्याला मांडी घालता येत नाही. हा छोटा भाग मागून घ्यावा लागतो. पण कोकणाची परीक्षा पावसाळ्यात असते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, शेवाळलेला जांभा, भाताच्या खाचरांचे निसरडे बांध, आणि शाळा नेमकी जूनमध्ये सुरू. ओला मोजा दिवसभर सॉकेटमध्ये राहिला की त्वचेवर बुरशी येते, घामोळं येतं, मग जखम. अशा मुलाजवळ दप्तरात दोन कोरडे मोजे हवेत आणि ते बदलायला शाळेत एक आडोसा हवा. मुलींच्या बाबतीत हा आडोसा नसेल तर त्या मोजा बदलत नाहीत, जखम सहन करतात आणि शेवटी शाळा सोडतात. पाय मिळूनही शिक्षण सुटतं ते असं. समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक वर्षातून अनेकदा शाळेत येतात. त्यांच्या यादीत ही एक ओळ घालायला खर्च लागत नाही.

बारा वर्षांची अट

केंद्र सरकारची एडिप योजना १९८१ पासून दिव्यांगांना साधनं देते. तिच्यात एक शहाणपणाची तरतूद आहे: एकदा साधन मिळाल्यावर तेच पुन्हा तीन वर्षांनी मिळतं, पण बारा वर्षांखालच्या मुलांना एका वर्षाने मिळू शकतं. मुलाचं शरीर वेगळं आहे हे ज्याने ओळखलं, त्याला दाद द्यायला हवी. तरी रेषा चुकीच्या जागी ओढली आहे. मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते ती अकरा-बाराच्या सुमारास, मुलग्यांची तेरा-चौदाच्या. म्हणजे हाड जेव्हा सर्वांत वेगाने वाढतं, त्याच वेळी नियम मुलाला प्रौढ ठरवतो. आठवीत मिळालेला पाय मुलाने अकरावीपर्यंत वापरावा अशी अपेक्षा आहे, आणि या काळात त्याची उंची वीस सेंटीमीटर वाढू शकते. ही मर्यादा अठरापर्यंत न्यायला हवी. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ हा सहा ते अठरा वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देतो. शिक्षणासाठी जो अठरापर्यंत मूल आहे, तो पायासाठी बाराव्या वर्षीच प्रौढ कसा होतो, याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

जिल्ह्यातली कार्यशाळा

मुंबईत हाजी अलीला १९५५ साली सुरू झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. पुण्यात सैन्यदलाचं केंद्र आहे. रत्नागिरीहून मुंबई साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, पुणे तीनशेच्या. पापुद्रा काढण्याच्या दहा मिनिटांसाठी आईची दोन दिवसांची मजुरी, प्रवास आणि मुक्काम. दोनदा जातात, तिसऱ्यांदा राहून जातं. नऊ-दहा सॉकेटांची साखळी तुटते ती इथे.

रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या छत्राखाली मुलांच्या कृत्रिम अवयवांसाठी कायमची कार्यशाळा चालावी, आणि नऊही तालुक्यांतली मुलं तिच्या नोंदवहीत नावानिशी असावीत, हे मागणं मला अवाजवी वाटत नाही. मुलं शोधण्याची यंत्रणा वेगळी उभारावी लागणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातातच. त्यांनी कृत्रिम पायाच्या मुलाला उभं करून दोन्ही बाजूंच्या कमरेची पातळी पाहिली, स्टंपची त्वचा पाहिली आणि तारीख लिहिली, तर कार्यशाळेला पुढचं बोलावणं पाठवता येईल. तपासणीचे दोन ठरीव काळ असावेत: मे महिन्यात, शाळेआधी, आणि पावसानंतर ऑक्टोबरात, ओल्या महिन्यांनी त्वचेचं आणि पायाचं काय केलं ते पाहायला.

कारागीर कुठून येणार, असं विचारलं जाईल. प्रोस्थेटिस्टला, म्हणजे कृत्रिम अवयव बनवून बसवणाऱ्या तज्ज्ञाला, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि तो एक तरी पूर्णवेळ हवाच. साचा कुठे कोरायचा हे त्यालाच कळतं. पण सॉकेटचे थर देणं, घासणं, जोडणं, दुरुस्त करणं ही कौशल्यं या किनाऱ्यावर आहेत. सॉकेट फायबर आणि रेझिनचे थर देऊनही बनतात, आणि मिरकरवाड्याला फायबरच्या होड्यांची डागडुजी करणारे हात तेच साहित्य रोज वापरतात. रामचंद्र शर्मांकडेही वैद्यकीय पदवी नव्हती. रुग्णालयात हस्तकला शिकवणारे ते कारागीर होते. रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनात आणि आयटीआयमध्ये यासाठी छोटा अभ्यासक्रम चालवता येईल.

कामावर कोणाला घ्यायचं, याबाबत काबूलकडे पाहावं. तिथे रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचं अवयव केंद्र १९८८ पासून चालू आहे. राजवटी आल्या, कोसळल्या, पुन्हा आल्या. केंद्र बंद पडलं तरी पुन्हा उघडलं. केंद्र चालवणाऱ्या अल्बर्टो कैरो यांनी तिथे कामावर घेताना अवयव गमावलेल्यांनाच प्राधान्य दिलं. साचा घेणारा, चालायला शिकवणारा माणूस स्वतः कृत्रिम पायावर उभा असला, की नव्याने आलेल्या मुलाला काय शक्य आहे हे सांगावं लागत नाही, आणि सॉकेट टोचतो कुठे हे त्या माणसालाही विचारावं लागत नाही. आपल्या कायद्यात सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी चार टक्के आरक्षण आहे. रत्नागिरीच्या कार्यशाळेने तेवढ्यावर न थांबता तंत्रज्ञांची पहिली पदं याच जिल्ह्यातल्या, शाळा पूर्ण करून कामाच्या शोधात असलेल्या, अवयव गमावलेल्या तरुण-तरुणींमधून भरावीत.